अंगठा

बोगमाळोच्या वाळूवर सकाळी साडेसातला
त्यांनी एक फॉर्म भरून घेतला.
दमा? नाही. रक्तदाब? गोळीवर.
पोहता येतं का? इथं पेन थांबलं.
सत्तावीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे कागद तपासले,
रिकामी चौकट दिसली की स्लिप परत करते मी.
ही तशीच सोडली.
कोणी विचारलं नाही.

होडीत पुण्याचं एक नवं जोडपं, कॉलेजची तीन पोरं,
आणि रबराच्या काळ्या कपड्यात कोंबलेली मी,
वय बावन्न,
देठासकट चकचकीत वांगं.

"बाये, उदक थंड ना आयज," कायतान म्हणाला.
त्याचं ना म्हणजे नाही.
मला वाटलं, लाडानं विचारतोय.
उदक.
आमच्याकडे हा शब्द फक्त सोडायला उरलाय,
हिश्शावर, हौसेवर.
इथं तो माणसं पितात, त्यात होड्या घालतात.

भिलवडीचा घाट. मी आठ वर्षांची.
शेखरदादानं डोकं धरून खाली दाबलं.
खेळच होता, वीसपर्यंत मोजायचं होतं.
वर सगळी पोरं एका सुरात मोजत होती म्हणे.
खाली आकडे पोचत नाहीत.

तेव्हापासून मी मोजते.
नोटा, जिने, कुकरच्या शिट्ट्या.
न्हाताना डोक्यावर तांब्या उपडा केला
की तीनच्या आत डोळे उघडायचे.
दादाला यातलं काही आठवत नाही.
त्याची काही चूकही नाही; आठवायला
खाली असावं लागतं.

बेटाच्या आडोशाला नांगर पडला.
कायताननं खुणा शिकवल्या.
अंगठा नि तर्जनीचं वाटोळं: ठीक आहे.
अंगठा वर: छान नव्हे हां,
अंगठा वर म्हणजे मला वर न्या.
काउंटरवर अंगठा म्हणजे शाईची डबी,
आणि ओशाळलेली म्हातारी माणसं.
मी त्यांचं मनगट धरून
अलगद कागदावर टेकवते.

पहिल्या खेपेला दोन हात खाली गेले. अंगठा.
दुसऱ्या खेपेला कान ठणकले. अंगठा.
पोरं उतरली, माशांचे व्हिडिओ काढून वर आली,
केळी खाऊ लागली.
नव्या नवरीनं माझ्याकडे
दवाखान्यात बघतात तसं बघितलं.

तिसऱ्यांदा कायताननं माझं मनगट धरलं.
डोकं नाही. मनगट.
दाबलं नाही, ओढलं नाही,
नुसतं धरून दोरीच्या कडेनं थांबला,
मी निघेपर्यंत.

खाली निळं काही नव्हतं.
हिरवट, गढूळ, मुगाच्या कढणासारखं.
आणि माझाच श्वास, एवढा मोठा,
शेजारी कोणी गाढ झोपलंय तसा.
खडकावर काटेरी काळे गोळे.
पिवळ्या अंगावर काळे पट्टे ओढलेले मासे
रांग न लावता आले.
एकानं माझ्या काचेत डोकावून पाहिलं
आणि काम नसल्यासारखा निघून गेला.
मी मोजत होते. चौदा, पंधरा, सोळा,
सतराच्या पुढं चुकलं.
पहिल्यापासून घ्यावं, तर ऐवज जागेवर नाही,
सगळा हलतोय.

कायताननं बोटांचं वाटोळं करून विचारलं.
मला उत्तर द्यायला उशीर झाला.
घाबरले होते म्हणून नव्हे.
एक मासा बघत होते.

भीती गेली, असं सांगणार नाही.
ती वर होडीत बसून होती,
माझ्या चपला सांभाळत.
शिडी चढताना हात द्यायला तीच पुढं आली.

परतीच्या वाटेवर पिशवीतून फोन काढला.
शेखरदादाचे दोन मिस्ड कॉल.
अंगठा टेकवला. बोटं सगळी सुरकुतलेली,
भिजवलेल्या मनुकांसारखी.
फोन म्हणाला, जुळत नाही.
टॉवेलला पुसून पुन्हा लावला.
जुळत नाही.
मी हसायला लागले ते थांबेचना.

"कितें जालें?" सुकाणूवरनं कायतान ओरडला.
मी बोटांचं वाटोळं करून दाखवलं.